कणसांचे क्रांतिकारक : डॉ. पांडुरंग खानखोजे

क्रांतिकारक म्हटले की डोळ्यांपुढे पिस्तूल येते. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या हातात आधी बंदूक होती, नंतर कणीस आले.

१८८४ साली वर्ध्यात जन्मलेले खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले. १९१३ च्या गदर चळवळीत ते आघाडीवर होते. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ते इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाची दारे बंद झाल्यामुळे १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले व चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले.

तेथे त्यांनी गहू व मक्याच्या जाती सुधारल्या. उत्पन्न केवळ खतपाण्यावर ठरत नाही. ओंबीत दाणे किती, तांबेऱ्यापुढे पीक टिकेल का, हे पुष्कळसे बियाण्याच्या आनुवंशिकतेत असते. म्हणून त्यांनी मक्याचा त्याच्या रानटी भाऊबंदाशी संकर केला. गरिबांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटताना रंगविले.

आमच्या आळेफाट्याकडे आजी बाजरीची टपोरी कणसे बियाण्याला राखते. ही निवडच, पण टपोरे कणीस उकिरड्याजवळचेही असू शकते. म्हणून शास्त्रज्ञ त्याचे दाणे वेगळे पेरून गुण पुढच्या पिढीत उतरतो का, हे पाहतो.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशी परतले. १९६७ साली नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिकलेला पोरगा शेताला मुकतो, असे गावात म्हणतात. खानखोजे मात्र शिकले ते शेतासाठीच. मित्रहो, हा क्रांतिकारकही आपण लक्षात ठेवू या.

(द्वितीय वर्ष, कला)