कागदपत्रांची साक्ष

बलाढ्य धनसत्तेशी सामना द्यावयाचा तर पत्रकाराची लेखणी जळजळीत हवी, असा समज रूढ आहे. अमेरिकेतील आयडा टार्बेल यांचे चरित्र या समजाला छेद देणारे आहे. तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांच्या साम्राज्याला त्यांनी जो हादरा दिला, तो न्यायालयीन जबान्या, रेल्वेचे दर आणि जुनी दप्तरे यांच्या बळावर.

पेनसिल्व्हेनियात १८५७ साली जन्मलेल्या आयडांचे बालपण तेलविहिरींच्या परिसरातच गेले. वडील फ्रँकलिन टार्बेल तेलाच्या लाकडी टाक्या बनवीत. पुढे ते स्वतः तेलधंद्यात उतरले. १८७२ साली ‘साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी’च्या नावाखाली रॉकफेलर-गटाने रेल्वे कंपन्यांशी गुप्त संधान बांधले. या गटाला भाड्यात सूट तर मिळणार होतीच. शिवाय प्रतिस्पर्ध्यांनी भरलेल्या भाड्यातूनही त्याच्या पदरात हिस्सा पडणार होता. तेलउत्पादकांच्या प्रक्षोभामुळे ही योजना बारगळली. परंतु तोवर क्लीव्हलँडमधील बहुतेक प्रतिस्पर्धी कारखाने रॉकफेलर यांनी गिळंकृत केले होते. घरावर पडलेले ते सावट चौदा वर्षांच्या आयडांनी पाहिले.

अ‍ॅलेघनी कॉलेजातून १८८० साली पदवी घेताना आपल्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. अध्यापन, मासिकाचे संपादकीय काम आणि पॅरिसमधील वास्तव्य यांनंतर त्या ‘मॅक्लुअर्स’ मासिकात आल्या. तेथे लिहिलेल्या नेपोलियन व लिंकन यांच्या चरित्रमाला लोकप्रिय ठरल्या. जुन्या कागदांतून माणूस शोधण्याची ही तालीमच पुढे उपयोगी पडली.

नोव्हेंबर १९०२ पासून स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. १९०४ साली तो दोन खंडांत आला. कंपनीचे एक धुरीण हेन्री रॉजर्स यांच्याशीही टार्बेल यांच्या अनेक भेटी झाल्या. मात्र रेल्वेच्या नोकरांकरवी प्रतिस्पर्ध्यांच्या मालाची खबर कंपनी कशी काढते, याचा कागदोपत्री पुरावा त्यांनी छापला आणि त्या भेटी संपल्या.

वडिलांवरील अन्यायाची सल मनात असूनही त्यांनी कंपनीच्या कार्यक्षमतेचे श्रेय नाकारले नाही. धंदा मोठा होणे हा गुन्हा नसून तो कपटाने मोठा होणे हा गुन्हा आहे, ही त्यांची भूमिका होती. हा तोल एकदा ढळला. १९०५ साली रॉकफेलर यांचे व्यक्तिचित्र रेखाटताना त्यांनी त्यांच्या रूपावरही बोट ठेवले आणि पुरावा नसलेल्या जागी राग डोकावला. स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांनी केलेला विरोधही त्यांच्या स्वतंत्र आयुष्याशी विसंगतच म्हटला पाहिजे.

१९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी अशा पत्रकारांची संभावना चिखल उपसणारे अशी केली. तथापि १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलच्या विघटनाचा निर्णय कायम केला आणि तिच्या चौतीस कंपन्या झाल्या. या विभागणीनंतर समभागांचे भाव चढून रॉकफेलर अधिकच धनवान झाले, हा दैवदुर्विलास! लेखणी व्यवस्थेला जाब विचारू शकते, संपत्तीला नव्हे.

जानेवारी १९४४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी टार्बेल निवर्तल्या. संतापाने लिहिलेले वाचक विसरतात. दप्तरातून सिद्ध केलेले मात्र प्रतिपक्षालाही खोडून काढता येत नाही, हा धडा त्यांनी मागे ठेवला. वृत्तपत्राच्या व्यवसायात तो आजही गिरविण्याजोगा आहे.