लाजाळू आणि जगदीशचंद्र

केंब्रिजहून परतलेल्या जगदीशचंद्र बोस यांची 1885 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा हिंदी अध्यापकास युरोपियनाच्या दोनतृतीयांश वेतन देण्याचा प्रघात होता. नेमणूक हंगामी, म्हणून त्याचेही निम्मे. बोसांनी तीन वर्षे शिकविले, पण वेतनाला हात लावला नाही. वडिलांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या हट्टाची किंमत कळते. अखेर सरकार नमले. पूर्ण वेतनाची थकबाकी एकरकमी मिळाली आणि कर्जफेडीत गेली.

बिनतारी लहरींवरील कामानंतर ते वनस्पतींकडे वळले. आघात होताच साध्या झाडाच्या देठातही प्राण्याच्या स्नायूप्रमाणे विद्युत प्रतिसाद उमटतो, असे त्यांनी 1901 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. ज्येष्ठ शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्डन-सँडरसन यांनी त्यास विरोध केला. वास्तविक कीटकभक्षी व्हीनस फ्लायट्रॅपमधील विद्युतस्पंद 1873 मध्ये त्यांनीच दाखविले होते. सामान्य झाडांना मात्र तो मान द्यावयास ते तयार नव्हते. शीर्षकातील ‘प्रतिसाद’ हा शब्द बदलण्याची सूचना बोसांनी नाकारली. निबंध सोसायटीने छापला नाही.

लाजाळूचे पान डिवचले की दूरची पानेही मिटतात. हा संदेश देठातील पाण्याच्या दाबाने पोहोचतो, असे जर्मन पंडित मानीत. बोसांनी देठाचा थोडा भाग गार केला, कधी त्यावर विष लावले. संदेश तेथेच अडला. नुसता पाण्याचा दाब विषाला कशाला भिईल? वाढ 10,000 पट मोठी करून दाखविणारा त्यांचा क्रेस्कोग्राफ कलकत्त्याच्याच कारागिरांनी घडविला. 1917 मध्ये त्यांनी बोस इन्स्टिट्यूट स्थापिली, आणि तेथील शोधांचे पेटंट घ्यावयाचे नाही असे ठरविले.

अर्थात त्यांचे सारेच खरे ठरले नाही. स्पंदन पावणाऱ्या पेशी रस वर चढवितात, हे त्यांचे मत टिकले नाही. त्याहून अधिक हानी भक्तांनी केली. झाडाला मन असते, एवढेच लोकांच्या स्मरणात राहिले. आलेख आणि आकडे मागे पडले, आणि पाश्चात्त्य संशोधकांना दुर्लक्ष करण्यास आयतेच निमित्त मिळाले.

23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे बोस निवर्तले. 2013 मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठातील संशोधकांनी, एका पानाला झालेल्या जखमेची वार्ता विद्युतसंकेताने दुसऱ्या पानापर्यंत जाते व तेथील संरक्षक यंत्रणा जागी होते, हे दाखवून त्यामागील जनुकेही हुडकून काढली.