लक्ष्मीबाई टिळक : घराचे नेतृत्व आणि ख्रिस्ती जीवनदृष्टी

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• लक्ष्मीबाई टिळकांच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील.
• कुटुंबातील नेतृत्वासंबंधीच्या ख्रिस्ती शिकवणीचे दोन अर्थ स्पष्ट करता येतील.
• ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या भाषेतून पती-पत्नीचे नाते कसे व्यक्त होते, हे सांगता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठी आत्मचरित्राचा अभ्यास करताना ‘स्मृतिचित्रे’ हे नाव आपल्यासमोर अनेकदा आले असेल. त्यातील विनोद, साधेपणा आणि प्रांजळपणा यांची चर्चा समीक्षकांनी भरपूर केली आहे. या घटकात आपण लक्ष्मीबाईंच्या जीवनाकडे एक प्रश्न घेऊन पाहणार आहोत. घराचे नेतृत्व कोणाचे, आणि ते कशाच्या बळावर चालते, हा तो प्रश्न होय. आपल्यापैकी अनेक जण संसार सांभाळून शिक्षण घेत आहेत. त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

लक्ष्मीबाई या कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी. लोकमान्य टिळक आणि हे टिळक समकालीन असले, तरी दोघांची गल्लत होऊ देऊ नये. रेव्हरंड टिळकांनी हिंदू धर्म सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या एका घटनेने त्यांच्या घराची घडी पार विस्कटली. ती पुन्हा कशी बसली, हे लक्ष्मीबाईंच्या चरित्राचे मध्यवर्ती सूत्र आहे.

२. आज्ञेचे घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरी त्यांना मनू म्हणत. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे पराकोटीचे वेड होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे आणि या नियमाचा सगळा भार घरातल्या बायकामुलांवर पडे. वडिलांनी नियम करायचा आणि इतरांनी तो निमूटपणे पाळायचा, हे घरातल्या सत्तेचे पहिले रूप मनूने पाहिले.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. सासरीही चित्र फारसे वेगळे नव्हते. सासरे वामनराव कठोर स्वभावाचे होते. नारायणरावांना काव्याची ओढ आई जानकीबाईंकडून लाभली होती, परंतु वडिलांचा तापटपणाही त्यांच्या वाट्याला आला होता. ते बुद्धिमान, भावनाशील आणि उदार होते. तसेच लहरी आणि संतापीही होते. घरात न सांगता निघून जाणे, नोकऱ्या धरणे आणि सोडणे, हातातले पैसे पुढच्या गरजूला देऊन मोकळे होणे, हे त्यांच्या संसारात नित्याचे होते. त्याच पतीने लक्ष्मीबाईंना लिहिण्यावाचण्याची गोडीही लावली.

आपण येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या घरात पती प्रमुख होता याविषयी कोणालाही शंका नव्हती. परंतु घर चालवण्याची जबाबदारी पत्नीवर होती. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होती.

३. पतीचा निर्णय

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने टिळकांना बायबलमधील नव्या कराराची प्रत दिली. टिळक ती वाचू लागले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय त्यांनी पत्नीच्या संमतीशिवाय घेतला. त्या वेळी त्यांचा मुलगा दत्तू, म्हणजे पुढे लेखक म्हणून प्रसिद्ध झालेले देवदत्त टिळक, अवघा तीन-चार वर्षांचा होता.

त्या काळच्या ब्राह्मण समाजात या घटनेचा अर्थ काय होता, हे आपण समजून घेतले पाहिजे. धर्मांतर केलेला माणूस नातलगांच्या दृष्टीने मेल्यासारखाच असे. लक्ष्मीबाईंची अवस्था मात्र अधिक विचित्र होती. नवरा जिवंत असून संसार संपला होता. माहेरच्या माणसांनी त्यांना आधार दिला आणि त्या काही काळ पंढरपूरलाही राहिल्या. ताटातुटीची ही वर्षे त्यांनी आजारपण, शोक आणि लोकांची बोलणी सोसत काढली.

कायद्याच्या दृष्टीने टिळकांना वेगळे होण्याचा मार्ग उपलब्ध होता. धर्मांतरानंतर जोडीदार नांदण्यास तयार नसेल, तर १८६६ च्या कायद्यान्वये धर्मांतरित व्यक्तीला न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळवता येत असे. टिळकांचा विवाह मात्र टिकून राहिला. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये, असा उपदेश केला आहे. टिळकांचे पुढील वर्तन या उपदेशाशी जुळणारे होते.

४. पत्नीचा निर्णय

काही वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला पतीकडे आल्या. त्या आल्या त्या पत्नी म्हणून. ख्रिस्ती म्हणून नव्हे. त्यांनी आपला धर्म आणि आचार सोडला नाही. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे वेगळे राहिले. त्या काळी पती हाच पत्नीचा धर्म, असे हिंदू समाज मानत होता. पती धर्मांतरित झाला म्हणजे पत्नीनेही मागोमाग यावे, असे अनेक मिशनरीही गृहीत धरत. लक्ष्मीबाईंनी यांपैकी कोणाचेही ऐकले नाही.

टिळकांची भूमिका येथे महत्त्वाची ठरते. तापट आणि उतावळ्या स्वभावाच्या या माणसाने पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत मात्र सक्ती केली नाही. चर्चा होत, वाद होत, भांडणेही होत. पण तिचे सोवळे त्याने मोडले नाही. एकाच घरात दोन धर्म नांदू लागले. घराचा प्रमुख असूनही आपला शब्द कोठे थांबला पाहिजे, हे त्याने ओळखले होते.

लक्ष्मीबाईंच्या मनात बदल झाला तो जातीच्या प्रश्नावरून. देवाने माणसे निर्माण केली, मग त्यांच्यात उच्चनीच भेद कोणी निर्माण केला, या विचाराने त्यांना घेरले. भेद हा माणसाने केलेला आहे, असा निष्कर्ष त्यांनी स्वतः काढला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. आधी जात गेली, नंतर धर्म बदलला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर मधे पाच वर्षे गेली होती. या पाच वर्षांचे महत्त्व आपण विसरू नये. त्यांच्यामुळेच लक्ष्मीबाईंचे ख्रिस्ती होणे हे पतीच्या आज्ञेचे पालन न राहता त्यांचा स्वतःचा निर्णय ठरले.

५. ख्रिस्ती शिकवणीतील कुटुंबप्रमुख

आता आपण या जीवनामागील वैचारिक पार्श्वभूमी पाहू. कुटुंबातील नेतृत्वाविषयी ख्रिस्ती परंपरेत सर्वाधिक चर्चिला गेलेला उतारा इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. तेथे ख्रिस्त जसा मंडळीचे मस्तक, तसा पती पत्नीचे मस्तक, अशी उपमा योजली आहे. या उताऱ्याचे दोन प्रमुख अर्थ लावले जातात.

पहिला अर्थ असा की, देवाने घराचे नेतृत्व पतीकडे सोपवले असून पत्नीने त्याच्या अधीन राहावे. मात्र हा अर्थ मानणाऱ्यांनाही त्याच उताऱ्यातील पुढची अट टाळता येत नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःचे प्राण दिले तसे पतीने पत्नीवर प्रेम करावे, ही ती अट होय. म्हणजे नेतृत्वाचे मोजमाप आज्ञेने नव्हे, तर त्यागाने करायचे आहे.

दुसरा अर्थ मांडणारे अभ्यासक या उताऱ्याच्या आरंभाकडे लक्ष वेधतात. पत्नीला उपदेश करण्यापूर्वी पौलाने सर्वांनाच परस्परांच्या अधीन राहण्यास सांगितले आहे. त्यामुळे पती-पत्नीचे नाते हे परस्पर अधीनतेचे आहे, असे ते मानतात. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात येशू स्वतः शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणे हे त्या समाजात सेवकाचे काम होते. जो गुरू आहे त्याने सेवकाचे काम करावे, हा या प्रसंगाचा आशय दोन्ही मतांच्या लोकांना मान्य आहे.

लक्ष्मीबाईंनी या वादावर ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या घरात मात्र हे दोन्ही अर्थ कसोटीला लागले.

६. नगरचे घर

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. टिळकांचे तेथील घर आल्यागेल्यासाठी सदैव उघडे असे. दुष्काळाने पोरकी झालेली मुले, शिकण्यासाठी आलेले विद्यार्थी आणि होतकरू कवी अशा साऱ्यांचा त्या घरात राबता होता. बालकवी ठोमरे काही काळ याच घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली.

माणसे घरी आणत टिळक. त्यांच्या ताटात काय पडणार, याची चिंता वाहत लक्ष्मीबाई. टिळकांच्या औदार्याला हिशेब माहीत नव्हता, म्हणून हिशेब लक्ष्मीबाईंना ठेवावा लागला. प्रसंगी त्या पतीला रागावत, त्याची फजिती करत, त्याच्या चुका त्याच्या पदरात घालत. टिळकही चूक उमगली की क्षमा मागण्यात कमीपणा मानत नसत. ध्येय दाखवणे हे टिळकांचे नेतृत्व होते, तर ते ध्येय घराला पेलवेल असे करणे हे लक्ष्मीबाईंचे. यांतील कोणतेही एक नसते, तर ते घर उभे राहिले नसते.

या घराचे चित्र आपण गोड करून पाहू नये. टिळकांचा संताप धर्मांतराने नाहीसा झाला नाही आणि त्याची झळ लक्ष्मीबाईंनी जन्मभर सोसली. फरक पडला तो एवढाच, की आता त्या सोसलेले बोलून दाखवू शकत होत्या आणि ते ऐकून घेतले जात होते.

७. प्रमुखाविना घर

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही संस्था सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त तीत यावेत, अशी त्यांची कल्पना होती. संन्यास एकाचा असला, तरी त्याची किंमत साऱ्या घराने मोजायची होती. लक्ष्मीबाईंनी तीही मोजली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

त्यानंतर लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांनी केले; काही काळ त्या कराचीतही राहिल्या. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुमारे साडेदहा अध्यायांवर थांबले होते. ज्यांचे रीतसर शिक्षण झालेच नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. पतीचे अपुरे काम त्यांनी पूर्णत्वाच्या उंबरठ्यावर नेले. या कामात त्या केवळ अनुयायी होत्या, असे आपल्याला म्हणता येईल काय? २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

८. भाषेतून दिसणारे नाते

‘स्मृतिचित्रे’चे लेखन मुळात टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात, या देवदत्तांच्या मागणीतून सुरू झाले. १९३४ पासून ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागले. पतीचे चरित्र म्हणून आरंभलेले लेखन पत्नीचे आत्मचरित्र झाले.

भाषेचे अभ्यासक म्हणून आपण एका गोष्टीची नोंद घ्यावी. त्या पिढीतील स्त्रिया पतीचे नाव घेत नसत. ‘इकडून येणे झाले’, ‘स्वारी बाहेर गेली’ अशा कर्ता लपवणाऱ्या वाक्यरचना रूढ होत्या. लक्ष्मीबाई मात्र निवेदनात पतीचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा करतात. क्रियापद आदरार्थी बहुवचनी असते. परंतु कर्ता वाक्यात उघडपणे उभा असतो. कर्ता उघड झाला की त्याच्या कृतीची जबाबदारीही उघड होते. म्हणूनच त्या पतीचा लहरीपणा, राग, औदार्य आणि पश्चात्ताप हे सारे एकाच आदराने सांगू शकतात. आदर राखूनही सत्य सांगता येते, हे या भाषेने दाखवून दिले.

९. समारोप

लक्ष्मीबाईंनी तीन प्रकारची घरे पाहिली. वडिलांच्या घरी नियमाची सत्ता होती, सासरी धाकाची. तिसरे घर टिळक आणि त्यांनी मिळून उभारले. तेथे प्रमुख कोण, याचे उत्तर प्रसंगानुसार बदलत होते. जो त्या वेळी अधिक भार उचलत असे, त्याचा शब्द चालत असे. सेवा करणारा तोच मोठा, या ख्रिस्ती शिकवणीचे एका मराठी घरात उमटलेले हे रूप आहे. ते परिपूर्ण नव्हते आणि लक्ष्मीबाईंनी ते तसे भासवलेही नाही.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण प्रत्येक प्रसंगी दोन प्रश्न विचारावेत : येथे निर्णय कोणी घेतला आणि त्याची किंमत कोणी मोजली? हेच प्रश्न आपल्या स्वतःच्या घराविषयीही विचारून पाहण्यासारखे आहेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा हा त्यांचा स्वतंत्र निर्णय होता, हे विधान साधार स्पष्ट करा.
२. इफिसकरांस पत्रातील उताऱ्याचे दोन अर्थ सांगून टिळकांच्या घराच्या संदर्भात त्यांची चर्चा करा.
३. पतीच्या उल्लेखासाठी आपल्या घरातील तीन पिढ्यांतील स्त्रिया कोणते शब्द वापरतात, याची नोंद करा आणि त्यावर दहा ओळी लिहा.