मुलांना झुडपांत बसवून डार्विनने केला होता माश्यांचा पाठलाग

चार्ल्स डार्विन म्हटलं की आपल्याला माकड, माणूस आणि उत्क्रांती आठवते. पण याच डार्विनने बंबलबी नावाच्या केसाळ, गुबगुबीत माशीपायी घरातली पोरं कामाला लावली होती.

डार्विनचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 चा, इंग्लंडमधल्या श्रूसबरीचा. बीगल जहाजातून जग फिरून तो 1836 मध्ये परतला. 1842 पासून केंटमधल्या डाऊन गावात स्थायिक झाला. तब्येत कायम नरम, त्यामुळे घरची बागच त्याची प्रयोगशाळा बनली.

1854 च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या एका मुलाला झाडाच्या बुंध्यापाशी बंबलबी शिरताना दिसल्या. डार्विनला वाटलं, पोळं असणार. पण पोळं नव्हतंच! माश्या यायच्या, क्षणभर तिथेच घोंगावायच्या आणि पुढच्या ठरलेल्या जागी निघून जायच्या. मग त्याने पाच-सहा मुलांना एकेका जागेवर पहाऱ्याला बसवलं, माश्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्यावर पीठ टाकलं. सगळ्या माश्या नर निघाल्या आणि दरवर्षी जागा त्याच! या कोड्याचं उत्तर त्याला सापडलं नाही. नर त्या जागांवर गंध सोडतात आणि त्यावर राणीमाशी आकर्षित होते, हे नंतर समजलं.

त्याने दुसरा प्रयोग केला लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकावर. माश्यांसाठी खुल्या ठेवलेल्या 100 फुलोऱ्यांत 2,700 बिया धरल्या. जाळीने झाकलेल्या 100 फुलोऱ्यांत एकही नाही. क्लोव्हरचा मध खोलवर असतो, तिथे बंबलबीची लांब जीभ पोहोचते. म्हणूनच 1859 च्या ग्रंथात त्याने लिहून ठेवलं की बंबलबी संपल्या तर क्लोव्हरही दुर्मिळ होईल.

19 एप्रिल 1882 ला डार्विन गेला. तीनच वर्षांत त्याचं म्हणणं खरं ठरलं. न्यूझीलंडमध्ये क्लोव्हरला बी धरत नव्हतं, म्हणून 1885 मध्ये इंग्लंडहून बंबलबी आणून सोडल्या आणि पीक बियाण्यावर आलं.

आणि खुद्द ब्रिटनमध्ये काय झालं? 1930 च्या दशकानंतर इंग्लंड-वेल्समधली सुमारे 97 टक्के रानफुलांची कुरणं गेली. आखूड केसांची बंबलबी 1988 मध्ये शेवटची दिसली आणि 2000 मध्ये तिथून नामशेष जाहीर झाली. गंमत म्हणजे न्यूझीलंडला पाठवलेल्या माश्यांमध्ये ही जातही होती आणि तिचे वंशज तिथे टिकून राहिले.

आता बंबलबी ओळखायची कशी? अंगावरचे पिवळे पट्टे, शेपटीकडचा रंग आणि जिभेची लांबी पाहायची. पण एकाच जातीत राणी, कामकरी आणि नर वेगळे दिसू शकतात, त्यामुळे घोळ होतो. आणि हो, आपल्याकडे लाकूड पोखरणारा काळा भुंगा म्हणजे बंबलबी नव्हे. भुंग्याचं पोट तुळतुळीत असतं, बंबलबीचं केसाळ. भारतात बंबलबी पाहायची असेल तर हिमालयात जावं लागतं.