फोनच्या कॅमेऱ्यावरचं 'झाइस' आणि कामगारांना विचारणारा मालक

व्हिवोच्या एक्स मालिकेतला एखादा फोन उलटा करून बघा. कॅमेऱ्याजवळ 'झाइस' लिहिलेलं दिसेल. जुन्या नोकियाच्या काही फोनवरही हे नाव असायचं. मला वाटायचं, हे नाव म्हणजे चांगली लेन्स, बस्स.

मागच्या वर्षी आमच्या टीमला न विचारता वरून एक डेडलाइन आली. रात्री जागूनही ती हुकली. आणि बोलणी आम्हीच खाल्ली! त्या वैतागात वाचता वाचता मी अर्न्स्ट आबे या माणसापर्यंत पोचलो.

गिरणीतला डबा

आबे यांचा जन्म 1840 चा, जर्मनीतल्या आयझेनाखचा. वडील सूतगिरणीत रोज 14 ते 16 तास राबायचे. जेवणाची सुट्टी नाहीच. लहानगा अर्न्स्ट डबा घेऊन जायचा आणि वडील मशीनला टेकून उभ्या उभ्या चार घास पोटात ढकलायचे. हे दृश्य आबे शेवटपर्यंत विसरले नाहीत.

अंदाजपंचे ते गणित

1866 मध्ये येना शहरातल्या कार्ल झाइस यांनी या तरुण शास्त्रज्ञाला सोबत घेतलं. तेव्हा कारागीर भिंगं बदलून बदलून, जमेल तसा मायक्रोस्कोप बनवायचे. आबेंनी तिथे गणित आणलं. 1873 मध्ये त्यांनी एक मर्यादा दाखवून दिली: दोन ठिपके प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा जवळ असतील, तर साध्या मायक्रोस्कोपमध्ये ते वेगळे दिसतच नाहीत. तुमच्या फोनमधली चिप छापणाऱ्या यंत्रांनाही हेच गणित सांभाळावं लागतं.

कंपनी कोणाची?

1888 मध्ये झाइस वारले. आबे तोवर भागीदार होते, आरामात श्रीमंत झाले असते. त्यांनी 1889 मध्ये झाइस यांच्या नावाने एक प्रतिष्ठान काढलं आणि 1891 मध्ये स्वतःचा हिस्सा त्याला देऊन टाकला. 1896 च्या नियमावलीत त्यांनी पगारी रजा आणि पेन्शन लिहून ठेवली. धर्म किंवा राजकीय मत बघून भेदभाव करायचा नाही. वरच्या साहेबाचा पगारही अनुभवी कामगाराच्या सरासरी कमाईच्या 10 पटीपेक्षा जास्त नको. शिवाय कामगारांनी निवडलेली समिती, जिचं म्हणणं व्यवस्थापनाला ऐकून घ्यावं लागेल.

आधी विचारलं, मग मोजलं

मला सगळ्यात भारी वाटला तो 1900 चा प्रयोग. दिवस 9 तासांचा होता, आबेंना 8 करायचा होता. त्यांनी थेट हुकूम काढला नाही. तेवढंच काम 8 तासांत होईल का, हे आधी कामगारांनाच विचारलं. मोठ्या बहुमताने होकार आला. मग वर्षभर ट्रायल घेतली, आकडे तपासले. काम घटलं नाही, उलट थोडं वाढलंच.

ही पूर्ण लोकशाही नव्हती बरं का. समिती मत मांडायची, पण अंतिम निर्णय वरच्यांचाच. तरी त्या काळात एवढंही फार होतं. 1905 मध्ये आबे येनातच वारले.

हे सगळं मी आमच्या लीडला सांगितलं. आता तारीख ठरण्याआधी अंदाज आम्ही देतो. तो कधी कधी चुकतो, पण का चुकला हे तरी आम्हाला सांगता येतं.