'तब्येत सुधारली' म्हणण्याआधी

कॅरन कार्पेंटर हे नाव आपल्यातल्या अनेक जणींना परकं वाटेल. पण १९७० च्या दशकात अमेरिकेत रेडिओ लावला की जो आवाज हमखास ऐकू यायचा, तो या मुलीचा. खालच्या पट्टीतला, मऊ, जवळ बसून बोलल्यासारखा. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी ती गेली, तेव्हा तिला तेहतीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर अवकाश होता.

तिला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा आजार होता, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने जेवण तोडत जाण्याचा. तिच्याबद्दल एवढंच सांगितलं जातं. मला मात्र तिच्या आयुष्याचे शेवटचे चार-पाच महिने फार महत्त्वाचे वाटतात. कारण त्या महिन्यांत तिचं वजन वाढत होतं. आता ती सुधारली, असं म्हणून सगळे निर्धास्त झाले होते. त्या महिन्यांविषयी सांगावं म्हणून आज हे लिहिते आहे. वजनाचे आकडे मात्र मुद्दाम देत नाही. ते वाचून कुणी पोर आपलं वजन ताडून बघायला लागायची, आणि तेच मला नको आहे.

कॅरनचा जन्म २ मार्च १९५० चा, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या न्यू हेवन गावातला. भाऊ रिचर्ड तिच्याहून साडेतीन वर्षांनी मोठा. तो पियानो असा वाजवायचा की आईवडिलांनी त्याचं भविष्य संगीतातच बघितलं. १९६३ मध्ये त्याला संधी मिळावी म्हणून सगळं घर उचलून हे लोक कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावात राहायला आले. घरात कौतुकाचा केंद्रबिंदू कोण, हे सांगायलाच नको. कॅरनला याचा राग नव्हता, भाऊ तिचाही लाडका होता. ती मैदानावर चेंडूफळी खेळणारी, हसरी, थोडी दांडगट मुलगी होती.

हायस्कूलमध्ये व्यायामाचा तास टाळायचा म्हणून ती शाळेच्या बँडमध्ये शिरली. तिथे तिचं लक्ष ड्रमवर गेलं. मुलीने ड्रम वाजवायचा हे त्या काळात अमेरिकेतसुद्धा नवलाचं होतं. पण थोड्याच महिन्यांत ती चांगल्या चांगल्या मुलांना मागे टाकेल असं वाजवू लागली. गाणं नंतर आलं. ती आयुष्यभर स्वतःला आधी ड्रम वाजवणारी आणि मग गायिका मानत आली.

१९६९ मध्ये बहीणभावाला ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने करारबद्ध केलं. १९७० मध्ये 'क्लोज टू यू' हे त्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दोघांचं आयुष्य बदललं. ग्रॅमी पुरस्कार मिळाले. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्ये गाणं झालं. वर्षातले कितीतरी महिने दौऱ्यावर, आज या शहरात तर उद्या त्या.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुरुवातीला कॅरन ड्रमच्या मागे बसून गायची. ती अंगाने काही मोठी नव्हती, त्यामुळे ड्रमच्या पसाऱ्यात दिसायचीच नाही. लोक पैसे मोजून येतात, त्यांना गायिका दिसायला हवी, म्हणून तिला उठवून रंगमंचाच्या पुढे उभं केलं. व्यवसायाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण ज्या आडोशामागे ती निवांत होती तो गेला. हात कुठे ठेवावेत हेही तिला कळेना. आता तिच्या गळ्याबरोबर तिची कंबर, तिचे दंड, तिचे कपडे हजारो डोळे बघू लागले. फोटो छापून येऊ लागले.

शाळा संपता संपता तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदा वजन कमी केलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं, आणि नंतरची पाचेक वर्षं सगळं ठीक चाललं. १९७३ च्या सुमारास स्वतःचा एक फोटो तिला खटकला. व्यायाम शिकवायला माणूस ठेवला, तर अंग कमी होण्याऐवजी भरू लागलं. मग त्याला काढून तिने स्वतःच स्वतःचे नियम केले. वजन उतरलं. सगळ्यांनी वाहवा केली. किती छान दिसतेस, कसं केलंस! घरच्यांना वाटलं, आता थांबेल. ती थांबली नाही.

१९७५ साली ब्रिटन आणि जपानचा दौरा रद्द करावा लागला, कारण तिच्यात उभं राहून गाण्याचं बळ उरलं नव्हतं. तिला महिनोन् महिने झोपून काढावे लागले. तेव्हा या आजाराचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. पोरगी दमली आहे, खात नाही, हट्टी आहे, एवढीच समजूत. जेवायला बसली की ताटातलं इकडेतिकडे करायची, आपल्या ताटातलं दुसऱ्यांना चाखायला वाटत सुटायची. कपड्यांवर कपडे चढवायची, म्हणजे हाडं दिसू नयेत. रिचर्डला झोपेच्या गोळ्यांची सवय लागली होती. १९७९ मध्ये तो कॅन्सस राज्यातल्या दवाखान्यात सहा आठवडे राहून त्यातून बाहेर पडला. त्याचा आजार सगळ्यांना आजार म्हणून दिसला. बहिणीचा मात्र स्वभाव वाटला.

त्याच काळात तिने न्यूयॉर्कमध्ये जाऊन एकटीचा गाण्यांचा अल्बम केला. कंपनीने तो बाजूला ठेवला. तो बाहेर आला १९९६ मध्ये, तिच्या पश्चात तेरा वर्षांनी. ऑगस्ट १९८० मध्ये तिने लग्न केलं. तिला मुलंबाळं हवी होती. ते लग्न वर्षा-सव्वा वर्षात मोडलं.

१९८२ च्या सुरुवातीला मात्र तिने स्वतःहून पाऊल उचललं. आपल्याला आजार आहे हे मान्य करून ती न्यूयॉर्कला गेली, हॉटेलात एकटी राहिली आणि स्टीव्हन लेव्हनक्रॉन या मानसोपचारतज्ज्ञाकडे आठवड्यातून पाच दिवस जाऊ लागली. एवढी मोठी गायिका, सगळं सोडून रोज तासभर मन मोकळं करायला बसायची. या धीराचं मला फार कौतुक वाटतं. एकदा तिच्या आईवडिलांना आणि भावाला तिथे बोलावलं गेलं. मुलीवर आपलं प्रेम आहे हे तिच्या तोंडावर सांगा, असं उपचारकांनी सुचवलं. आईला ते जमेना. प्रेम नव्हतं असं नाही. पण त्या घराच्या रीतीत असं बोलून दाखवणं बसत नव्हतं. आपल्याकडच्या किती आयांना जमेल, मैत्रिणींनो?

त्या सप्टेंबरात तिची प्रकृती इतकी ढासळली की तिला न्यूयॉर्कच्या लेनॉक्स हिल रुग्णालयात दाखल करावं लागलं. हृदयाचे ठोके बिघडले होते, अंगातले क्षार घटले होते. तोंडाने पुरेसं जाईना म्हणून शिरेवाटे अन्न सुरू झालं. सात-आठ आठवड्यांत वजन भराभर वाढलं. जे शरीर वर्षानुवर्षं आकसत गेलं होतं ते डोळ्यांदेखत फुगू लागलं.

इथे जरा थांबून शरीराचं गणित समजून घेऊ या. बराच काळ उपाशी राहिलेलं शरीर अन्न मिळू लागलं की आधी धास्तावल्यासारखं वागतं. पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पाय आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. आतड्यांची सवय मोडलेली असते, म्हणून चार घासांत पोट तट्ट होतं, गुबारा धरतो. अनेक जणींच्या बाबतीत वजन आधी पोटावर आणि कमरेवर येतं, हातपाय मागाहून भरतात. हे असंच राहणार नसतं. नेमाने खाणं चालू राहिलं तर काही महिन्यांत, कुणाला वर्षभरात, अंग सारखं होतं. पाळी परत येते, केस गळायचे थांबतात, थंडी वाजणं कमी होतं. पण फार अशक्त माणसाला एकदम भरपूर खायला घालणं धोक्याचं असतं. रक्तातले क्षार अचानक खाली येतात आणि हृदयावर ताण पडतो. म्हणून पहिले आठवडे डॉक्टरांच्या नजरेखाली, रक्त तपासत, बेताबेतानेच जायचं असतं.

आणि मन? ते शरीराच्या मागे महिनोन् महिने रेंगाळत असतं. ज्या मुलीने वजन न वाढू देण्यावर सगळी ताकद लावली, तिला आता वाढलेलं वजन अंगावर वागवायचं असतं. काटा पुढे सरकला की बाकीचे पेढे वाटतात, आणि नेमका तोच दिवस तिला सगळ्यात वाईट वाटतो. उपचारातला सगळ्यात अवघड टप्पा हाच. सगळ्यांचं लक्ष मात्र नेमकं इथेच उडतं.

कॅरनचंही तसंच झालं. नोव्हेंबर १९८२ मध्ये ती रुग्णालयातून सुटली आणि आपण बऱ्या झालो असं सांगून कॅलिफोर्नियाला घरी परतली. उपचार करणाऱ्यांच्या मते ती अजून पुरती बरी झाली नव्हती. घरी सणाचं जेवण ती नीट जेवली. आईवडिलांच्या जिवात जीव आला. जानेवारीत ग्रॅमी पुरस्कारविजेत्यांचा मेळावा होता. तिथे डिऑन वॉरविक या गायिकेला तिने आपलं भरलेलं अंग गिरकी घेऊन हसत दाखवलं. ही गोष्ट वाचली की माझ्या घशात आवंढा येतो. ती प्रयत्न करत होती. त्या नव्या शरीराशी मैत्री करून बघत होती. रिचर्डला मात्र तिच्या डोळ्यांत जीव दिसत नव्हता, त्याची काळजी मिटली नव्हती.

४ फेब्रुवारीच्या सकाळी डाउनीच्या घरी, आईवडिलांकडेच, ती कोसळली. वजन बरंचसं परत आलं होतं, पण इतक्या वर्षांच्या आजाराने हृदय आतून खिळखिळं झालं होतं. ते दुरुस्त व्हायला वेळ हवा होता. आणि दिसायला बरी दिसल्यामुळे तो वेळ, ती देखरेख तिला मिळाली नाही.

तिच्या जाण्याने अमेरिकेत आणि बाहेरही या आजाराचं नाव घरोघरी पोहोचलं. १९८९ मध्ये तिच्यावर दूरदर्शनपट आला. खाण्याशी निगडित आजारावर १९९३ मध्ये ब्रिटनची राजकन्या डायना जाहीर सभेत बोलली, तीही अशाच एका आजारातून गेलेली. गुपचूप सोसणाऱ्या कित्येकींना तेव्हा आपल्या त्रासाचं नाव कळलं.

आपल्याकडे हे नाहीच, असं समजू नका. सामाजिक कामानिमित्त मी घराघरांत जाते. बारावीतली, नर्सिंगला गेलेली, साखरपुडा ठरलेली अशा मुली बघते. उपासाच्या नावाखाली, अभ्यासाच्या नावाखाली जेवण सुटत जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एका आईने मला विचारलं, पोरीचं वजन आता वाढलंय, डॉक्टर खूश आहेत, मग ही लग्नाकार्याला यायला का रडते? मी म्हटलं, तिथे भेटणारी प्रत्येक बाई तिला काय म्हणेल ते आठवून बघा.

आपण म्हणतो, 'तब्येत सुधारली गं!' आपल्या मनात माया असते. तिच्या कानाला मात्र 'जाड झालीस' एवढंच ऐकू येतं. 'किती वाळली होतीस, आता बरी दिसतेस' हेही तसंच. चांगलं असो वाईट असो, तिच्या अंगाबद्दल बोलूच नये. तू आलीस, बरं वाटलं, एवढं म्हटलं तरी पुरतं. कार्याला जायचं असेल तर आईने आधीच दोन-चार जवळच्या नातेवाइकांना फोन करून हे सांगून ठेवावं. त्यात लाज कसली?

घरातला वजनकाटा उचलून ठेवावा. वजन दवाखान्यातच व्हावं, आणि आकडा तिला सांगायचा की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं. जेवताना शेजारी कुणीतरी बसावं, घास न मोजता, इकडचं तिकडचं बोलत. वजन जागेवर आलं म्हणून समुपदेशन बंद करू नये, उलट त्या दिवसांत तर नक्कीच नको. चक्कर, छातीत धडधड, पायावर सूज दिसली तर लगेच डॉक्टरकडे न्यावं. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करता येतो, तो मोफत आहे.

आणि जुने कपडे कपाटातून काढून टाकावेत. घट्ट झालेला पंजाबी ड्रेस रोज समोर लटकत असेल तर पोरगी रोज त्याच्याशी तुलना करत बसते. नवे दोन शिवून घ्या, अंगासरशी नकोत. ब्लाउज शिवताना आपण आत शिवणीत माया ठेवतोच ना, पुढे लागेल म्हणून? तशी थोडी तिच्यासाठीही ठेवू या.