पाण्याचा नकाशा काढणाऱ्या एलनबाई

मैत्रिणींनो, विहिरीचं पाणी दिसायला काचेसारखं नितळ, चवीलाही गोड. पण ते पिण्याजोगं आहे का, हे कसं ओळखायचं? याचं एक साधं उत्तर एलन स्वालो यांनी मिठात शोधलं.

एलनचा जन्म 1842 चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. शिकायची हौस दांडगी, पण पैसा कुठला? तिने शिकवण्या केल्या, लोकांच्या घरची साफसफाई केली आणि पैसे साठवून पंचविशीत कॉलेज गाठलं. मग रसायनशास्त्र शिकायला बोस्टनच्या एमआयटीत गेली. तोवर तिथे एकही मुलगी नव्हती. हिला मात्र प्रवेश मिळाला, वर फी माफ! पोरगी खूश. फी घेतली नाही म्हणजे ती आमची विद्यार्थिनीच नाही, असं म्हणायची सोय त्यांनी करून ठेवली होती, हे तिला मागाहून कळलं. कुणी नाक मुरडू नये म्हणून ती प्रयोगशाळेतली टेबलं पुसायची, प्राध्यापकांचे कागद शिवून द्यायची, कुणाचं बोट कापलं तर पट्टी बांधायची. (हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नकोच.) 1873 मध्ये तिने पदवी घेतलीच. पुढे तिथल्याच प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी लग्न झालं.

1887 मध्ये राज्याच्या आरोग्य मंडळाने पाण्याची मोठी पाहणी काढली. नद्या, तळी, विहिरी यांच्या पाण्याचे हजारो नमुने एलनबाईंच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यातून एक गंमत दिसली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळच्या पाण्यात मिठाचा अंश जास्त, आत आत जावं तसा कमी. त्याचा नकाशाच तयार झाला. आता किनाऱ्यापासून लांबच्या एखाद्या विहिरीत आजूबाजूच्यापेक्षा जास्त मीठ निघालं, तर ते आलं कुठून? संशय सांडपाण्यावर! माणसाजनावरांच्या मुतात मीठ असतंच, ते झिरपत विहिरीत उतरतं. नितळ पाण्याचं बिंग असं फुटायचं.

घरातल्या रसायनशास्त्रावरही त्यांचा तितकाच जीव. साबण मळ कसा काढतो, पाव का फुगतो, हे बायकांना समजावं म्हणून त्यांनी 1882 मध्ये स्वयंपाक आणि सफाईच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिलं. भिंतीवरच्या रंगीत कागदात आर्सेनिक आहे का, तेही तपासलं.

एमआयटीत 1884 पासून त्या रीतसर शिकवत होत्या. 1911 मध्ये गेल्या, तोपर्यंत. सत्तावीस वर्षांत प्राध्यापकपद काही त्यांना मिळालं नाही.